विस्मृत ब्रिटिश मोटारींचे पुनरुज्जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहून जुन्या मोटारींवर काम करताना मला मराठी मंडळींकडून सतत प्रश्न येतात. काही जण ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले आहेत आणि एखाद्या शेतघराच्या गोठ्यात पडलेली गाडी त्यांच्या नजरेस पडलेली असते. काही जणांच्या पुण्या-कोल्हापुरातील वाड्यात आजोबांची गाडी विटांवर उभी असते. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. युद्धोत्तर काळातील, म्हणजे साधारण १९४५ ते १९८० दरम्यानच्या ब्रिटिश मोटारींपुरताच हा मजकूर आहे.

१. विस्मृत गाडी म्हणजे नेमकी कोणती? दुर्मीळ आणि विस्मृत यांत फरक आहे का?

फरक आहे, आणि तो गाडी घेण्यापूर्वी समजून घेतला पाहिजे. गॉर्डन-कीबल ही गाडी जेमतेम शंभर बनली. पण तिचे शरीर फायबरग्लासचे होते आणि मालकांना तिची किंमत पहिल्यापासून ठाऊक होती, म्हणून त्यांपैकी बहुतेक गाड्या आजही आहेत. याउलट ऑस्टिन मॅक्सी १९६९ ते १९८१ या काळात साडेचार लाखांहून अधिक बनल्या आणि तरीही आज रस्त्यावर क्वचित दिसतात, कारण स्वस्त गाडी गंजली की लोक ती थेट भंगारात देत. मुबलक असो वा मोजकी, जी कोणी जपली नाही, ती विस्मृत गाडी. स्टँडर्ड व्हॅनगार्ड, ऑस्टिन ए-९० अटलांटिक, जोवेट जॅव्हलिन, हिलमन इम्प, व्हँडन प्लास ४-लिटर आर या माझ्या लेखी त्या यादीत येतात. एमजीबी, मिनी किंवा जॅग्वार ई-टाइप येत नाहीत.

२. पहिलाच प्रकल्प म्हणून अशी गाडी घ्यावी का?

घ्यावी, परंतु जिच्या मालकांचा क्लब जिवंत आहे आणि जिचे इंजिन इतर गाड्यांतही वापरले गेले आहे, अशीच घ्यावी. हिलमन इम्प किंवा रोव्हर पी-६ यांवर हात बसू शकतो. अतिशय अल्पसंख्य गाडी पहिल्याच फेरीत घेतली, तर काम शिकणे आणि भाग शोधणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात, आणि बहुतेक प्रकल्प तेथेच थांबतात.

३. तुम्ही जोवेट जॅव्हलिनचे नाव वारंवार का घेता?

कारण ती ब्रिटिश वाहनउद्योगाची हुशारी आणि त्याची शोकांतिका एकाच पत्र्याखाली दाखवते. यॉर्कशरमधील ब्रॅडफर्डजवळच्या आयडल या गावी जोवेट कंपनीचा छोटा कारखाना होता. जेराल्ड पामर यांनी आराखडलेली जॅव्हलिन १९४७ पासून १९५३ पर्यंत बनली. एकूण संख्या साधारण तेवीस हजार. समोरासमोर झोपवलेल्या चार सिलिंडरांचे १,४८६ सीसीचे इंजिन, ॲल्युमिनियमचा ब्लॉक, त्यात पाण्यात बसणारे लाइनर (सिलिंडरच्या आतल्या सुट्या नळ्या), पुढे-मागे दोन्हीकडे टॉर्शन बारचे, म्हणजे पिळ घेणाऱ्या दांड्यांचे सस्पेन्शन आणि रेडिएटर इंजिनच्या पुढे नव्हे तर मागे, अशी तिची रचना होती. १९४९ साली तिने मॉन्टे कार्लो रॅलीत आपला वर्ग जिंकला. त्या काळातील बहुतेक ब्रिटिश कौटुंबिक गाड्या तिच्या शेजारी अवजड वाटतात, हे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे कंपनीने गिअरबॉक्स बाहेरून घेण्याऐवजी स्वतः बनवायला घेतले आणि त्यांत दोष निघू लागले. गाडीचे शरीर डॉनकास्टरला ब्रिग्जच्या कारखान्यात बनत असे. तिकडे तयार शरीरे साठत गेली आणि इकडे त्यांत बसवायला धड गिअरबॉक्स नव्हते. गाडीचे उत्पादन थांबले आणि १९५४ मध्ये कारखाना इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेला. आज जॅव्हलिन घेणाऱ्याने तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत : गिअर आपोआप सुटतो का, लाइनर खाली बसून हेड गास्केटमधून पाणी झिरपते का, आणि क्रँकशाफ्ट सुरुवातीच्या काळातील आहे की शेवटी आलेला लंबगोल वेबचा भक्कम प्रकार आहे. सुरुवातीचे क्रँकशाफ्ट तुटत असत.

४. गाडी पाहायला गेल्यावर सर्वांत आधी काय तपासावे?

ती पुरी आहे का, हे. गंज आणि जाम इंजिन यांकडे सगळेच पाहतात, आणि त्या दोहोंवर इलाज आहे (प्रश्न ६ आणि ७ पाहावेत). जो भाग जागेवर नाही आणि जगात कोणी बनवत नाही, त्यावर मात्र पैशानेही सहज इलाज होत नाही.

माझ्या पहिल्या जॅव्हलिनच्या वेळी मी हीच चूक केली. पत्रा बऱ्यापैकी होता, आसनांचे चामडे अजून मऊ होते आणि त्या वासानेच मी भुललो. मागच्या दिव्याची एक काच, खिडक्या वरखाली करण्याचे दोन दांडे आणि बोनेटवरचे चिन्ह नव्हते, याकडे मी किरकोळ म्हणून दुर्लक्ष केले. इंजिनचे काम एका हिवाळ्यात आटोपले. ते चार तुकडे जमवायला मला चौदा महिने लागले, आणि दिव्याची काच शेवटी एका वृद्ध गृहस्थांच्या खोक्यात, १९५० च्या दशकातील वर्तमानपत्रात गुंडाळलेली सापडली.

म्हणून जाताना त्या गाडीच्या सुट्या भागांच्या पुस्तिकेची प्रत बरोबर न्यावी आणि पानागणिक खूण करत गाडीभोवती फिरावे. काचा, दिव्यांची भिंगे, क्रोमच्या पट्ट्या, दारांची कुलपे, डॅशबोर्डवरील घड्याळे आणि चाकांच्या टोप्या यांना इंजिनापेक्षा जास्त वेळ द्यावा.

५. कंपनी बंद पडून साठ-सत्तर वर्षे झाली. सुटे भाग मिळणार कोठून?

यांत्रिक भाग बहुधा मिळतात, कारण ब्रिटिश कंपन्या एकच इंजिन अनेक ठिकाणी वापरत. स्टँडर्ड व्हॅनगार्डचे इंजिन फर्ग्युसनच्या करड्या टीई-२० ट्रॅक्टरच्या इंजिनाचे सख्खे भावंड आहे, आणि तेच पुढे ट्रायम्फ टीआर-२ मध्ये १,९९१ सीसीचे होऊन आले. त्यामुळे व्हॅनगार्डवाल्याला ट्रॅक्टरवाल्यांचे आणि टीआरवाल्यांचे असे दोन बाजार खुले असतात. ऑस्टिन अटलांटिक फक्त आठ हजारांच्या आसपास बनल्या, पण तिचे २,६६० सीसीचे इंजिन ऑस्टिन-हीली १०० मध्ये गेले आणि हीलीवर लोकांचे प्रेम असल्यामुळे त्याचे भाग आजही तयार होतात. व्हँडन प्लास ४-लिटर आर मध्ये मात्र रोल्स-रॉइसचे ॲल्युमिनियमचे सहा सिलिंडरांचे इंजिन आहे. ते तितक्या प्रमाणात इतर कोणत्याही मोटारीत गेले नाही; त्यामुळे ही गाडी स्वस्त मिळाली तरी इंजिनाच्या दृष्टीने महाग पडते.

पत्र्याचे तसे नाही. एमजीबी, मिजेट आणि मिनी यांची संपूर्ण नवी शरीरे बनवली गेली. एमजीबीचे १९८८ पासून मिळू लागले. विस्मृत गाड्यांसाठी असे कोणी करत नाही. तेथे क्लबच आधार आहे. अनेक क्लब वर्गणीतून जुने साचे जपतात, रबरी सील आणि गास्केट सदस्यांसाठी थोड्या संख्येने बनवून घेतात. अल्विस कंपनीने १९६७ मध्ये मोटारी बनवणे थांबवले, तेव्हा केनिलवर्थच्या रेड ट्रँगल या संस्थेने भाग आणि आराखडे सांभाळले. अशी सोय फार थोड्यांच्या नशिबी आली. म्हणून गाडी घेण्याच्या आधी क्लबचे सदस्य व्हावे. वर्गणी भरून एक वर्ष नुसते ऐकत बसले, तरी त्यातून पुष्कळ पैसे वाचतात.

६. इंजिन वर्षानुवर्षे जाम आहे. गाडी सोडून द्यावी का?

केवळ तेवढ्यासाठी सोडू नये; उलट भाव पाडून घ्यावा. स्टार्टरने किंवा दुसऱ्या गाडीने ओढून इंजिन फिरवण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नये, कारण गंजाने चिकटलेली पिस्टन रिंग त्यात तुटते आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये झिरपणारे तेल ओतावे आणि दोन-तीन आठवडे थांबावे. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागेपुढे किंचित झुलवावी. केसभर हालचाल झाली तरी काम झाले असे समजावे. पुन्हा तेल घालून पुन्हा थांबावे.

ॲल्युमिनियमच्या इंजिनांत खरे भय आत साचलेल्या साध्या पाण्याचे असते. गंजरोधक शीतक न घालता गाडी पंधरा वर्षे उभी राहिली असेल, तर ब्लॉक किंवा हेड आतून कुरतडले गेलेले असते आणि ते बाहेरून दिसत नाही. रेडिएटरच्या झाकणाखाली बोट फिरवून पाहावे. तांबूस गाळ चालेल, पांढरट पिठासारखा थर मात्र चिंतेचा असतो.

७. गंज किती असला म्हणजे गाडी हाताबाहेर गेली असे समजावे?

भोके मोजून हे ठरत नाही. आकार टिकला आहे का, यावर ठरते. दारांच्या फटी पाहाव्यात. दाराची फट वर आणि खाली सारखी रुंद नसेल, किंवा दार उघडताच किंचित खाली बसत असेल, तर गाडी मधून वाकलेली असू शकते. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दाराखालच्या उंबऱ्यावरून, म्हणजे सिलवरून, आणि चाकांच्या कमानीवरून फिरवावे. जेथे ते पकड सोडते तेथे पत्रा नसून लांबी (पुट्टी) भरलेली आहे. जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या आसनाखालची जमीन आणि मागच्या स्प्रिंगांची टोके हाताने दाबून पाहावीत.

स्वतंत्र चासी नसलेल्या गाडीत सिल हाच कणा असतो. तो कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी-तिरपी लोखंडी नळी वेल्ड करून आकार बांधून घ्यावा, गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभी असावी, आणि एका वेळी एकाच बाजूचा, तोही थोडाथोडा भाग कापावा. नवा पत्रा ०.९ ते १.२ मिलिमीटर जाडीचा असतो. तो सलग वेल्ड केला तर तापून मुरडतो, म्हणून एक टाका येथे, दुसरा वीतभर पलीकडे, असे काम करत जावे. प्रत्येक टप्प्यानंतर दार लावून पाहावे. माझ्याकडे प्रशिक्षणासाठी आलेल्या एका तरुणाने उत्साहाच्या भरात दोन्ही सिल एकाच दुपारी काढले आणि संध्याकाळी चारांपैकी एकही दार बंद होईना. ते सरळ करायला आम्हाला पाच आठवडे लागले.

रोव्हर पी-६ फसवी आहे. १९६३ ते १९७७ या काळातील या गाडीचे बाहेरचे सर्व पत्रे बोल्टने बसवलेले असतात आणि आत वेगळा पोलादी सांगाडा असतो. बाहेरून चकचकीत पी-६ आतून चाळणी झालेली असू शकते. मागचे आसन उचलून त्याखालचा भाग पाहिल्याशिवाय ती घेऊ नये.

८. लाकडी सांगाड्याच्या गाडीचे काय?

मॉरिस मायनर ट्रॅव्हलरच्या मागच्या भागातील ॲशचे लाकूड शोभेचे नाही, ते भार पेलते. सांध्यांजवळ काळे पडलेले लाकूड टोकदार वस्तूने टोचून पाहावे. ते काम पत्राकाम करणाऱ्याचे नसून सुताराचे आहे, आणि तयार लाकडी संच मिळतात.

९. माझ्याकडील मेट्रिक पाने कोणत्याच नटाला नीट बसत नाहीत. असे का?

कारण त्या काळात ब्रिटनमध्ये अनेक मापपद्धती एकत्र नांदत होत्या. १९५० च्या आधीच्या बहुतेक गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ या ब्रिटिश इंची पद्धतींचे आटे असतात. पुढे हळूहळू अमेरिकन धर्तीचे यूएनएफ आटे आले. आणि ल्यूकसच्या विजेच्या उपकरणांत व एसयू कार्ब्युरेटरात बारीक बीए स्क्रू असतात. आपल्याकडील जुने मिस्त्री सुताच्या हिशेबात बोलतात, त्यांना हे लवकर उमजते. फक्त एक खूणगाठ बांधावी : व्हिटवर्थच्या पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या दोन बाजूंमधील अंतराचा नसतो. त्यामुळे पाव इंची व्हिटवर्थ असे लिहिलेला पाना अर्ध्या इंचाहूनही रुंद निघतो.

अपवाद एमजीच्या एक्सपीएजी इंजिनाचा. मॉरिसच्या इंजिन कारखान्याचा वारसा फ्रेंच असल्यामुळे त्यातील आटे मेट्रिक आहेत, पण नटांची डोकी व्हिटवर्थ पान्यांसाठी घडवलेली आहेत. अशा इंजिनातील मूळ नट-बोल्ट कितीही खराब दिसले तरी नमुना म्हणून जपून ठेवावेत. दुकानातील तत्सम बोल्ट दोन फेरे छान जातो आणि तिसऱ्याला ॲल्युमिनियममधील आटा ओरबाडून काढतो.

१०. बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले आहे. कोणी उलटे लावले आहे का?

नाही, ते मूळचेच तसे आहे. साधारण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांत धन टोकच चासीला जोडत. ते न पाहता आधुनिक रेडिओ, एलईडी दिवे किंवा अल्टरनेटर जोडला तर उपकरण तत्क्षणी जळू शकते. कापडी वेष्टणाची मूळ वायर वाकवल्यावर तडकत असेल तर संपूर्ण जाळे बदलावे. तुकडे जोडत बसू नये. जुन्या धाटणीच्या कापडी वेष्टणात नव्या वायरींचे जाळे बनवून मिळते.

११. आजचे पेट्रोल या इंजिनांना चालते का?

दोन वेगळे प्रश्न यात मिसळले जातात. पहिला शिशाचा. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १ जानेवारी २००० पासून बंद झाली. ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक त्यामुळे झिजू शकते. हेड उघडलेच असेल तेव्हा कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वेगळ्या बैठका मुळातच असतात.

दुसरा इथेनॉलचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधे पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले झाले. उच्च दर्जाचे पेट्रोल सहसा ई-५ असते, ते वापरावे. भारतात तर आता ई-२० सर्वत्र आहे. इथेनॉल जुने रबरी नळ आतून फुगवते आणि मऊ करते, फायबरग्लासच्या टाकीचा थर सोडवते आणि ओलावा शोषून घेते. इंधनाच्या सर्व नळ्या आणि पंपाचे पडदे इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घालावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी. पेट्रोलचा नळ फुटून तापलेल्या इंजिनावर थेंब पडला तर सगळी मेहनत काही मिनिटांत जळते. या एका बाबतीत काटकसर करू नये.

१२. ट्रायम्फ स्टॅगसारख्या बदनाम गाड्यांच्या वाटेला जावे का?

जावे, कारण त्यांचे दोष आता पूर्ण समजलेले आहेत. इटालियन आराखडाकार मिकेलोत्तीने रेखाटलेल्या स्टॅगचे २,९९७ सीसीचे व्ही-८ इंजिन तापते, याची कारणे ठरलेली आहेत : पाण्याचा पंप इंजिनच्या वरच्या बाजूस असल्यामुळे पाणी थोडे जरी कमी झाले तरी तो कोरडा पडतो, लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असल्यामुळे गंजरोधकाशिवाय हेड झिजते आणि तो चुरा रेडिएटर तुंबवतो, ओतकामातील वाळू काही ब्लॉकमध्ये तशीच राहिलेली असते. ब्लॉक स्वच्छ करून, रेडिएटर नवा घालून आणि टायमिंग चेन वेळेवर बदलून हे इंजिन विश्वासाने चालते. अनेक स्टॅगमध्ये रोव्हर किंवा फोर्डचे इंजिन घातलेले असते. माझ्या मते मूळ इंजिनासह मिळत असेल तर थोडे जास्त देऊनही तीच घ्यावी.

स्कॉटलंडमधील लिनवुड येथे १९६३ ते १९७६ दरम्यान बनलेल्या हिलमन इम्पचेही असेच आहे. कोव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीच्या इंजिनांच्या वंशातील तिचे ८७५ सीसीचे संपूर्ण ॲल्युमिनियमचे इंजिन एकदा तापले की हेड वाकते. शीतकाची निगा राखली तर ते शिवणयंत्रासारखे फिरते.

१३. विकणाऱ्याकडे कागदपत्रे नाहीत. गाडी घ्यावी का?

ब्रिटनमधील नोंदणीचे प्रमाणपत्र व्ही-५-सी हे मालकीचा पुरावा नाही; ते फक्त नोंदणीकृत ताबाधारकाचे नाव सांगते. म्हणून विक्रीची सही केलेली पावती, चासी क्रमांकासह, नेहमी घ्यावी. व्ही-५-सी हरवले असेल पण गाडी डीव्हीएलए या वाहन-नोंदणी खात्याच्या संगणकावर असेल, तर अर्ज करून नवे मिळते.

अडचण येते ती नोव्हेंबर १९८३ च्या आधीच अडगळीत गेलेल्या गाड्यांची, कारण त्या वेळी संगणकीय नोंदी पूर्ण झाल्या आणि त्यांत नसलेल्या गाड्यांचे क्रमांक बाहेर राहिले. त्यांच्यासाठी व्ही-७६५ ही योजना आहे : मान्यताप्राप्त क्लब गाडी तपासतो, जुने लॉगबुक किंवा कराचा बिल्ला यांसारखा पुरावा पाहतो आणि मूळ क्रमांकाची शिफारस करतो. तसा परत मिळालेला क्रमांक दुसऱ्या गाडीवर हलवता येत नाही. म्हणून गाडीच्या कप्प्यातील जुने कागद, अगदी चुरगळलेली सर्व्हिसची बिलेसुद्धा फेकू नयेत. ब्रिटिश लेलँडच्या कुटुंबातील अनेक गाड्यांसाठी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून उत्पादन नोंदीचे प्रमाणपत्रही मिळते. त्यावर मूळ रंग आणि इंजिन क्रमांक असतो.

१४. चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला कर आणि एमओटी (गाडी रस्त्यायोग्य असल्याची वार्षिक) तपासणी माफ असते, हे खरे का?

बहुतांशी खरे. कर शून्य होतो, पण त्यासाठी गाडी ऐतिहासिक वर्गात टाकण्याचा अर्ज करावा लागतो आणि शून्य रकमेचा कर दरवर्षी नोंदवावा लागतो. एमओटीची सवलत २०१८ पासून चाळीस वर्षांच्या सरकत्या नियमाने मिळते; मात्र गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल केलेला असेल तर ती मिळत नाही. सवलत असली तरी गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याची जबाबदारी चालकाचीच असते. दीर्घ कामानंतर प्रथम रस्त्यावर येणारी गाडी मी स्वखुशीने एमओटीला नेतो आणि सर्वांना तेच सांगतो. काम चालू असताना गाडी रस्त्याबाहेर असल्याचे सॉर्न निवेदन भरलेले असावे.

१५. दोन खराब गाड्या जोडून एक चांगली केली, तर तिची ओळख कोणती?

ओळख चासीबरोबर जाते. चासी नसलेल्या गाडीत मूळ शरीराबरोबर. दुसऱ्या गाडीचे इंजिन, दारे किंवा आस घेतल्याने ओळख बदलत नाही, पण एका गाडीची चासी क्रमांकाची पट्टी काढून दुसरीच्या शरीरावर ठोकणे हा गुन्हा आहे. मूळ रूप राखून केलेली दुरुस्ती डीव्हीएलएला कळवण्याची गरज उरलेली नाही, असे धोरण २०२५ च्या ऑगस्टपासून आले आहे. तरीही प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे तारखेसह ठेवावीत.

१६. ब्रिटनमध्ये घेतलेली गाडी महाराष्ट्रात आणता येईल का?

गाडी घेण्याआधी कस्टम हाउस एजंटकडून आयातीचा परवाना आणि शुल्क यांची लेखी माहिती घ्यावी, कारण शुल्क गाडीच्या किमतीला मागे टाकू शकते. नोंदणीबाबत २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातील गाड्यांना व्हिंटेज म्हणून दहा वर्षांची नोंदणी मिळते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नसते. गाडी ब्रिटनबाहेर कायमची नेताना डीव्हीएलएला तसे कळवावे लागते.

१७. आमच्याकडे आजोबांची स्टँडर्ड हेरल्ड आहे. तिला ब्रिटिश भाग चालतील का?

बरेच चालतील. मद्रासला १९६१ पासून बनलेली हेरल्ड ही ट्रायम्फ हेरल्डच आहे. स्वतंत्र चासी, पुढे उलटणारे संपूर्ण बोनेट आणि ९४८ सीसीचे इंजिन, सर्व तेच. पण आपली चार दारांची हेरल्ड ब्रिटनमध्ये कधी बनलीच नाही, त्यामुळे तिची दारे, मागच्या खिडक्यांच्या काचा आणि दारांची रबरे तिकडून मिळणार नाहीत. चार दारांची भंगारातील हेरल्ड दिसली, तर दारे मिळतील त्या भावाने घेऊन ठेवावीत. लँडमास्टर आणि अँबॅसॅडर यांची मुळे मॉरिस ऑक्सफर्डच्या अनुक्रमे दुसऱ्या आणि तिसऱ्या मालिकेत आहेत, आणि तेथे उलटे घडते : अँबॅसॅडर २०१४ पर्यंत बनत राहिल्यामुळे ब्रिटनमधील ऑक्सफर्डवालेच भारताकडे भागांसाठी पाहतात.

१८. घातलेला पैसा परत मिळतो का?

या वर्गातील गाड्यांत सहसा मिळत नाही. संपूर्ण कामाला हजाराहून अधिक तास सहज लागतात. ते व्यावसायिक दराने मोजले तर गाडीच्या बाजारभावाच्या कितीतरी पुढे जातात.

१९. कोणी तरी अर्धवट उघडून ठेवलेली गाडी स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. गंजलेली पण कोणीही न उघडलेली गाडी मी खोक्यांत भरलेल्या गाडीपेक्षा नेहमी वर मानतो, कारण न उघडलेल्या गाडीत प्रत्येक नट आपली जागा सांगतो. घ्यायचीच असेल, तर प्रश्न ४ मधील पुस्तिका घेऊन प्रत्येक खोके जमिनीवर ओतावे. आधीच्या मालकाने पिशव्यांवर नावे लिहिली असतील, तर तो काळजीपूर्वक काम करणारा होता असे समजावे आणि त्याने केलेल्या इतर कामावरही विश्वास ठेवावा. स्क्रू, वॉशर आणि बिजागऱ्या एकाच डब्यात मिसळलेल्या असतील, तर भाव निम्म्यावर आणावा, आणि वायपरची मोटर, दारांची कुलपे व स्पीडोमीटरची तार हे तीन भाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अशा गाड्यांत हेच तीन भाग बहुतेक वेळा कोणाच्या तरी दुसऱ्या गॅरेजमध्ये राहिलेले असतात.